जाड कार्डाची चकती

बाबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागली, आणि ती परत घरी यायला जवळजवळ दोन वर्षं लागली. परवाना ज्याच्या नावाचा तो माणूस गेला की बंदूक पोरकी होते. वारसाच्या नावाने नवा परवाना निघेपर्यंत तिला घरात जागा नसते. वारस मी एकटी. अर्ज घेणाऱ्या बाबूने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, चलाओगे क्या आप?" मी म्हटलं, "नाही, फोडणीला घालणार आहे." या एका वाक्याने माझी फाईल आणखी तीन महिने खाली सरकली असणार. माझी जीभ तशीच आहे. बाबांचीही तशीच होती.

बंदूक लहान आहे. एकनळी, अठ्ठावीस बोअरची. आमच्या बाजूला पीक राखायला ज्यांच्याकडे बंदुका आहेत त्या सगळ्या बारा बोअरच्या, जाड नळीच्या. बाबा अंगाने किरकोळ, त्यांना ती धडक सोसवत नसे, म्हणून त्यांनी ही पातळ नळीची घेतली. लोक तिला पोराची बंदूक म्हणत. बाबा म्हणायचे, "डुकराले का माईत नळी केवढी हाय? त्याले आवाज माईत हाय." आमचं तीन एकर धान चोरखमाऱ्याच्या तलावाच्या नहरावर, म्हणजे कालव्यावर आहे. लोंबी भरायला लागली की रानडुकरं येतात आणि खातात त्याच्या दुप्पट तुडवतात. बाबांनी जन्मभरात दोन-चार डुकरं मारली असतील. बाकी सगळे बार हवेतच.

मी गोंदियात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि शहराला लागूनच मुर्रीत राहते. आई गावी एकटी. बाबा गेल्यावर मी तिला मुर्रीला न्यायचे किती प्रयत्न केले ते माझं मला माहीत. ती यायची, दोन दिवस राहायची, तिसऱ्या दिवशी पिशवी भरायची. म्हणायची, "घरी तुजे बाबा एकटे हायेत." सुरुवातीला मला वाटलं, ही बोलायची पद्धत झाली. पण शेजारच्या काकूंनी एकदा मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की आई दुपारचं जेवतच नाही. ताट वाढून झाकून ठेवते आणि बसून राहते. विचारलं की म्हणते, ते कामावर बसले आहेत, उठले की जेवू. चार-पाच वाजता ताटातलं गायीपुढे टाकते. दोन वर्षांत आईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. मला भीती वाटत होती की ही अशीच वाट पाहत पाहत संपेल.

कामावर बसले आहेत म्हणजे काडतुसं भरायला बसले आहेत. ते काम बाबांचं दुपारचंच असायचं. अठ्ठावीस बोअरची काडतुसं दुकानात मिळायची बंद होऊन जमाना झाला. बाबांच्या परवान्यावर स्वतःची काडतुसं स्वतः भरण्याची जुनी नोंद होती, आणि घराच्या मागच्या खोलीत, टिनाच्या छपराखाली, त्यांची प्रेस होती. प्रेस म्हणजे सागाच्या ओंडक्यावर बसवलेलं लोखंडी हत्यार. दांडा खाली ओढला की कर्र असा आवाज व्हायचा आणि शेवटी खट्. उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी तिच्यात बसवायची, तळाची वाजून गेलेली ठिणगीची टोपी काढून नवी बसवायची, दारू, तिच्यावर नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा बूच, बुचावर छर्रे, आणि मग तोंड बंद. माझं लहानपण त्या कर्र-खट् आवाजावर झोपण्यात गेलं आहे.

बंदूक परत आली त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. धान लोंबीवर होतं आणि बांधापासून चार ओळी डुकरांनी आधीच लोळवल्या होत्या. बंदूक होती, पण काडतूस एकही नव्हतं. बाबांनी भरून ठेवलेली सगळी काडतुसं आणि डब्यातली दारू बंदुकीबरोबरच जमा झाली होती आणि ती परत मिळणार नव्हती. घरात उरल्या होत्या फक्त पंचवीस रिकाम्या पितळी पुंगळ्या, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मी दिवाळीआधी नागपूरच्या एका दुकानात विचारून आले होते. दुकानदार म्हणाला, "बारा बोअर मांगो, अभी देता हूँ. अट्ठाईस अब कौन चलाता है मॅडम?" मी म्हटलं, मी चालवते. त्याने मला नवीन दारू आणि टोप्या परवान्यावर नोंद करून दिल्या आणि एका माणसाचा पत्ता दिला.

तो माणूस गोंदियातलाच निघाला. रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, तरुणपणी उडत्या चकत्यांवर नेमबाजी करायचे. आता खांदा गेला होता म्हणून प्रेस विकायला काढली होती. ती पाहून माझ्यातली भौतिकशास्त्राची बाई खूश झाली. जड बिडाची, तेल दिलेली, एका दांड्यावर सगळी कामं रांगेने होणारी. साचे खास लहान बोअरचे. सोबत दोन पिशव्या भरून प्लास्टिकच्या पुंगळ्या. त्यांनी एकेक पुंगळी तोंडाशी दाबून दाखवली. जिथे घडी पडते तिथे पांढरी रेघ उमटली की ती टाकून द्यायची. बूड गंजलेलं असेल तर टाकायची. आणि वेगवेगळ्या बनावटीच्या पुंगळ्या एकत्र भरायच्या नाहीत, कारण आतली खोली सारखी नसते. "एक ही घर के खोखे रखना बेटा," ते म्हणाले. "दो घर के मिलाओगे तो झगडा होगा." मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे तोंड बंद करायची रीत. प्लास्टिकचं तोंड प्रेसमध्ये दाबलं की त्याच्या सहा पाकळ्या होऊन आत मिटतात. वर वेगळं काही लावायची गरजच नाही.

वर काही लावायची गरज नाही, ही गोष्ट मी गावी येऊन आईला फार उत्साहाने सांगितली. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"मंग नाव कुठी लावशील?" तिने विचारलं.

हे समजायला आमच्या घरची एक गोष्ट सांगावी लागेल.

पितळी पुंगळीचं तोंड घडी घालून मिटता येत नाही. छर्र्यांवर पुठ्ठ्याची गोल चकती ठेवायची आणि तिच्या कडेने स्पिरिटात विरघळवलेली लाख फिरवायची, मग ती पक्की बसते. लाख आमच्याकडे पळसावर मिळते, तिचा तोटा नव्हता. प्रश्न पुठ्ठ्याचा होता. पातळ कागद छर्र्यांचा भार झेलत नाही आणि फार जाड पुठ्ठा बार उडवताना वेडावाकडा जातो. बाबांना हवा तसा पुठ्ठा एकाच गोष्टीत मिळाला, तेरवीच्या, म्हणजे तेराव्याच्या कार्डात.

आमच्या भागात तेरवीचं कार्ड उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. बाहेर छपरीत, म्हणजे पडवीतच वाचायचं आणि वाशात खोचून ठेवायचं, नाहीतर फाडून टाकायचं. जे आलं ते घरात ठेवलं तर अजून बोलावतं, असं बायका म्हणतात. बौद्ध घरांतून पुण्यानुमोदनाची कार्डं यायची तीही तशीच वाशात जायची. बाबा गावभर फिरायचे आणि लोकांच्या वाशातली कार्डं मागून आणायचे. लोक आनंदाने द्यायचे. घरात ठेवता येत नाही आणि फाडायला जीव होत नाही, अशी ती वस्तू. बाबा तिचं काही तरी करतात हे त्यांना बरंच वाटायचं.

चकत्या आई कापायची. चांभाराकडून बनवून घेतलेला गोल पंच होता, पितळी पुंगळीची भिंत पातळ असते म्हणून नेहमीच्या मापापेक्षा जरा मोठा. आई कार्ड पाटावर ठेवायची आणि हातोडीने ठोकायची. तिचा एकच नियम होता, चेहऱ्यावर पंच मारायचा नाही. फोटोचा भाग कापून चुलीत. बाकी अक्षरं. म्हणून आमच्या प्रत्येक काडतुसाच्या तोंडावर लाखेच्या लाल कडीत कुणाच्या तरी नावाचा तुकडा असायचा. संध्याकाळी बाबा बांधावर उभं राहून बार काढायचे, डुकरं पळायची आणि तो तुकडा धानात पडायचा. बार काढायच्या आधी ते चकतीवर बोट टेकवून म्हणायचे, "जा आता." मला लहानपणी वाटायचं, ते डुकराला म्हणतात.

रोवणीच्या वेळी चिखलात बायकांच्या पायाला कधी कधी ती चकती चिकटायची. कडेला लाल, मध्ये फिकट दोन अक्षरं. कुणी ती हातात घेत नसे. टाचेने परत चिखलात दाबून पुढचं रोप लावायच्या. रोवणीची गाणी तेवढ्यापुरती थांबायची आणि पुन्हा सुरू व्हायची. मी सहावीत असताना मला एक चकती सापडली, तिच्यावर अक्षरं नव्हती. तिच्यावर डोळा होता. आईचा पंच कधीतरी चुकून सरकला असणार. कुणाचा तरी एक डोळा, भुवईच्या टोकासकट, माझ्याकडे बघणारा. मी तो कंपासपेटीत ठेवला. तीन दिवस वर्गात पेटी उघडली की तो आधी बघायचा. चौथ्या दिवशी मी रडत रडत पेटीच आईला देऊन टाकली. तिने काय केलं ते मी विचारलं नाही. मी विज्ञान शिकायला गेले त्यामागे तो डोळा थोडाफार आहे, असं मला वाटतं.

तर आईचा प्रश्न हा होता की प्लास्टिकच्या पुंगळीत बाबांचं नाव कुठे लावायचं. आजवर गावातल्या एवढ्या लोकांना बाबांनी असं शेतात सोडलं. ते स्वतः गेले तेव्हा बंदूकच ठाण्यात गेली. त्यांच्या नावाचा बार निघालाच नाही.

"म्हणून ते घरातच हायेत," आई म्हणाली. "जातीन कसे?"

मी चिडले. मी म्हटलं, "माय, हे सगळं तुझ्या डोक्यात आहे. तू दुपारचं जेवत नाहीस म्हणून तुला असं वाटतं." ती तांदूळ निवडत राहिली. आणि मागच्या खोलीतून आवाज आला. कर्र. मग खट्.

दुपारचा एक वाजला असेल. आई माझ्यासमोर बसलेली होती. घरात तिसरं कुणी नव्हतं. मी उठून मागे गेले. खोली बंद, आत लाखेचा वास, प्रेसचा दांडा खाली. मी तो वर केला. तो हळूहळू, स्वतःच्या वजनाने, खाली यायला लागला आणि शेवटी खट् वाजला. मला इतकं हायसं वाटलं की मी हसले. वर टिनाचं छप्पर, दुपारचं ऊन, तापून प्रसरण पावणारं लोखंड, सैल झालेली स्प्रिंग. मी हे सगळं आईला नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

"अन् वर कोन करते त्याले?" तिने विचारलं. "खाली तो आपोआप येते, पन वर?"

 मी सुतळी घेतली आणि दांडा खालच्या बाजूने ओंडक्याला घट्ट बांधून टाकला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी छपरीत होतो. आईने दोन ताटं वाढून झाकून ठेवली होती आणि मी जिद्दीने माझं ताट उघडून जेवायला बसले होते. कर्र. खट्. माझा घास हातात राहिला. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "थोडं थांब ना. होते त्याईचं." मी मागे जाऊन पाहिलं तेव्हा सुतळी सुटलेली होती. चार बोटांवर गुंडाळून, मध्ये एक फास देऊन, ओंडक्याच्या खिळ्याला अडकवून ठेवलेली. बाबा सुतळी अशीच ठेवायचे. आईही अशीच ठेवते, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. सकाळी मी नहराकडे गेले होते तेव्हा तिने सोडली असेल. पण दांडा वाजला तेव्हा ती माझ्या हाताच्या अंतरावर होती.

त्याच दिवशी मी ठरवलं की हे संपवायचं. दिवाळी झाली की गार्डसाहेबांची प्रेस आणायची, ही जुनी उचलून भंगारात द्यायची, पितळी पुंगळ्याही द्यायच्या, आणि आईला मुर्रीला न्यायचं. मी बिस्किटांचा डबा काढला आणि पुंगळ्या टेबलावर उभ्या मांडायला लागले. चोवीस रिकाम्या होत्या. पंचविसावी बंद होती.

तोंडावर लाखेची लाल कडी, ओली नाही पण नवी, चकाकणारी. आणि आत निळ्या शाईत बाबांच्या नावाची मधली दोन अक्षरं. ती निळी शाई मीच निवडली होती, छापखान्यात उभं राहून. हा डबा मी बाबा गेल्यावर स्वतः तपासला होता, ठाण्यात द्यायला भरलेलं काही राहिलं नाही ना म्हणून. तेव्हा सगळ्या रिकाम्या होत्या.

 आईच्या हातांना संधिवात आहे, तिला पाण्याचा तांब्या धड उचलता येत नाही. प्रेसचा दांडा तिच्याने ओढलाच जात नाही, बाबा असतानाही नव्हता. मी ती पुंगळी घेऊन छपरीत गेले आणि तिच्यासमोर धरली.

"हे तू भरलंस?"

"चकत्या मी कापल्या," ती म्हणाली. "दाबल्या त्याईनं." मग तिने ती पुंगळी माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि परत दिली. "बंदूक आली ना आता. उडव हे. मंग ते जातीन, अन् तू म्हनशील तर मी येतो मुर्रीले."

एवढंच होतं. एक बार काढला की आई जेवणार होती, माझ्याबरोबर येणार होती. पण बाबांनी मला बंदूक हातात देण्याच्या आधी जे शिकवलं होतं ते हे की दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या नळीत घालायचं नाही, मग तो दुसरा सख्खा बाप का असेना. आत काय आहे, किती आहे, माहीत नसतं. नळी फुटते, हात जातो, डोळे जातात. ते न उघडता उडवणं म्हणजे त्यांचंच म्हणणं मोडणं, आणि उघडणं म्हणजे त्यांच्या नावावर पातं चालवणं. मी अख्खी दुपार ती पुंगळी समोर ठेवून बसले. त्या दिवशी मागून आवाज आला नाही. तेच मला जास्त वाईट वाटलं, कुणीतरी बघत थांबल्यासारखं.

शेवटी मी आधी तळ पाहिला. टोपी जुनी होती, घोड्याचा खळगा पडलेली, वाजून गेलेली. म्हणजे हे फुटणार नव्हतं. मग मी दाढीच्या पात्याने लाखेची कड खरवडली आणि सुईने चकती उचलली. तिच्याखाली दारू नव्हती, छर्रे नव्हते. तिच्याखाली दुसरी चकती होती. तिच्याखाली तिसरी. मी एकेक काढून टेबलावर ठेवत गेले. "तेर" एवढंच एकावर. "स्थळ" एकावर. एकावर फक्त निळी किनार. शोकाकुल म्हणून खाली आमची नावं छापली होती, त्यातल्या माझ्या नावाचं शेवटचं अक्षरही एका चकतीवर होतं. अख्खं कार्ड त्या पुंगळीत उतरलं होतं, शिवाय त्याच छपाईच्या आणखी एखाद-दोन कार्डांचे तुकडे. चकत्या काढता काढता टेबल भरलं. मी पुंगळी उजेडाकडे तिरपी धरून तळाशी पाहिलं.

तळाशी बाबांचा डोळा होता. उजवा. नेम धरताना उघडा ठेवायचे तो. पितळेच्या पिवळ्या भिंतींच्या मधून तो सरळ वर, माझ्याकडे बघत होता.

मी पुंगळी खाली ठेवली, अंगणात गेले आणि नळाखाली तोंड धरून बसले. आई मागून आली.

"चेहऱ्यावर पंच मारायचा नाही म्हणायचीस तू," मी म्हटलं. 

"त्याईले पायला पायजे," ती म्हणाली. "जातीन तवा धान कसा हाय ते पायला पायजे ना. दोन वर्सं झाले, बांधावर गेले नाई ते."

"आणि बाकीच्या एवढ्या चकत्या कशाला? एक लागते."

आईने जे उत्तर दिलं ते मी आजही कुणाला सांगताना अडखळते. बाबा गेले तेव्हा मी सगळ्यांना मोबाईलवर कळवलं होतं. हल्ली तसंच करतात. कार्डं छापायची म्हणून अगदी थोडी छापली, तीही गुळगुळीत पातळ कागदावर, कारण ती दिसायला बरी वाटली आणि मला तिथून लवकर निघायचं होतं. गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं कार्ड अंगठ्याने वाकवून बघणाऱ्या माणसाचं कार्ड मी पातळ छापलं.

"एक चकती टिकत नाई त्याची," आई म्हणाली. "लाख पकडत नाई. मले वाटलं, एका चकतीनं नाई जमलं तर सगळ्या मिळून जमन. म्हणून सगळ्याच घातल्या."

ती मला बोल लावत नव्हती. एक अडचण होती आणि तिने ती कशी सोडवली ते सांगत होती. मी तिच्या पायाशी बसून रडले. दोन वर्षांत मी रडले नव्हते. परवान्याच्या मागे धावत होते, बाबूंशी भांडत होते, प्रेस कुठली घ्यावी, पुंगळी कुठली घ्यावी याचा हिशोब करत होते. बाबा गेले, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी मागच्या खोलीत बसलो. जुनी टोपी काढून मी नवी बसवली. दारू मी मोजून घातली, हलक्यात हलकी. तिच्यावर नमद्याचा बूच. छर्रे घातलेच नाहीत. आईने सगळ्या चकत्या एकेक करून आत सोडल्या, वाकड्या बोटांनी, घाई न करता. शेवटी वर डोळा ठेवला, बाहेर बघणारा. मी दांडा ओढला. कर्र. खट्. तो आवाज अगदी तोच होता आणि तो माझ्या हातून निघाला होता. आईने लाख फिरवली. पातळ कागदावर ती कडेने गोळा होऊ लागली, पण मागच्या सगळ्यांच्या आधाराने बसली.

ऊन कललं तेव्हा आम्ही बांधावर गेलो. आसपासच्या शेतातल्यांना मी आधी सांगून ठेवलं होतं. बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ विमानांपैकी एखादं कधी कधी इकडे येतं आणि डोक्यावरून जातं. त्या दिवशीही एक आलं. विमान वर असताना बाबा कधी बार काढत नसत, म्हणून आम्ही त्याची घरघर मिटेपर्यंत थांबलो. मग मी पुंगळी नळीत घालायच्या आधी आईपुढे धरली. तिने डोळ्यावर बोट टेकवलं नाही, कडेला टेकवलं.

"जा आता," ती म्हणाली. "धान चांगला हाय."

बार निघाला. छर्रे नव्हते तरी आवाज पुरेसा झाला, नहराच्या पलीकडून बगळे उठले. चकत्या हवेत पसरल्या आणि लोंब्यांवर बसल्या, बऱ्याच वेळाने, एकेक करत. त्यातली डोळ्याची कुठे पडली ते मी शोधलं नाही. धान कापताना ती कुणाच्या पायाखाली येईल याची मला थोडी भीती अजूनही वाटते.

दुसऱ्या दिवशी एक वाजला. दीड वाजला. मागच्या खोलीतून काही आवाज आला नाही. ऊन तेच होतं, टिन तेच होतं, स्प्रिंगही मी बदलली नव्हती. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईने याचं कारण शोधायला हवं होतं. मी शोधलं नाही. आई बराच वेळ कान देऊन बसली. तिच्या चेहऱ्यावर समाधान असेल असं मला वाटलं होतं. पण तिने पदर डोळ्यांना लावला. तेव्हा मला उमगलं की तिने त्यांना जाऊ दिलं ते स्वतःसाठी नव्हतं. ते घरात होते ते तिला बरंच वाटत होतं. मी दर खेपेला येऊन तिच्या बांगड्यांकडे बघत होते, ते तिला बघवलं नाही.

गार्डसाहेबांची प्रेस मी घेतली, प्लास्टिकच्या पुंगळ्याही घेतल्या. डुकरांसाठी त्याच बऱ्या, हे मी आजही सांगेन. पण जुनी प्रेस भंगारात दिली नाही. पितळी पुंगळ्यांचा डबा बंद करायला मी बसले तेव्हा आई आली. तिने डब्यात हात घालून एक पुंगळी काढली, तोंडाशी बोट फिरवून चीर गेली नाही ना ते पाहिलं आणि माझ्या हातात दिली.

"ही माजी," ती म्हणाली. "बाजूला ठेव. अन् कार्ड जाड छापजो. मोबाईलवर नोको पाठवू, छापजो."

मी काही तरी रागावून बोलणार होते.

"एकाच चकतीत काम झालं पायजे," ती म्हणाली. "तुले एवढ्या चकत्या कापून द्यायले मंग कोन राहीन घरी?"

मी पुंगळी कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. मग आम्ही दोघी जेवायला बसलो.